संगणकाच्या छंदाची ओहोटी आणि लाल कापडाच्या वह्या
(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावर संगणकाच्या छंदाचा विषय निघावा, हे काही श्रोत्यांना विसंगत वाटण्याचा संभव आहे. संगणकाचे महत्त्व सांगण्यासाठी आता व्याख्यानाची गरज उरलेली नाही; ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. एके काळी संगणक हा काही लोकांचा छंद होता. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी सतार शिकतो, तद्वत काही तरुण रात्रीच्या रात्री त्या यंत्रापुढे बसत. त्यातून त्यांना पैसा मिळत नव्हता आणि कोणी शाबासकीही देत नव्हते. आज तीच मंडळी पंचावन्न ते सत्तर या वयोगटात आहेत. दुकान बहुतांशी मुलांच्या हाती गेले आहे, संध्याकाळ मोकळी आहे, पूर्वीपेक्षा शेकडो पटींनी शक्तिमान यंत्र घरात आहे. तरीही त्या यंत्रापुढे बसावे असे त्यांना वाटत नाही. चार बातम्या चाळाव्यात, पत्त्यांचा एक डाव मांडावा आणि उठावे, एवढेच उरले आहे. विचारले तर ‘वय झाले’ असे उत्तर मिळते. हे निदान सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कारण याच गृहस्थांना नातवाचा पतंग बांधताना किंवा जुन्या घड्याळाचे यंत्र उघडताना वयाची आठवण होत नाही.

हा छंद मुळात लागला कसा, हे आधी पाहिले पाहिजे. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाची योजना आखून निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो हे इंग्लंडमधील संगणक आणले. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. आज दूरध्वनीतील एका छायाचित्राला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. परंतु त्या यंत्राचा एक गुण विसरता येणार नाही. कळ दाबताच पडद्यावर काही चित्रे नाचत नसत. ‘बेसिक’ या संगणकभाषेची एक रिकामी ओळ उघडत असे आणि समोरच्या माणसाने काही लिहावे याची वाट पाहत असे. त्या यंत्राला स्वतःहून काहीच येत नव्हते. जे काही करून घ्यावयाचे ते शिकवूनच करून घ्यावे लागे. छंदाला हेच हवे असते.

विदर्भाला या विषयाचा अभिमान वाटावा असे कारणही त्याच सुमारास घडले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारले होते. तीनच वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ हा भारतीय महासंगणक तयार झाला. अमरावती-नागपूरच्या घराघरांत तेव्हा मुलांना भटकरांचे उदाहरण दिले जाई.

व्यापाऱ्यांच्या घरात मात्र संगणक शिरला तो हिशेबाच्या वाटेने. येथे कापड बाजाराला जवळची वाटेल अशी एक हकिकत सांगण्याजोगी आहे. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे व्यापारी. आपल्या धंद्याच्या जमाखर्चाला जुळेल अशी संगणकीय पद्धत त्यांना बाजारात मिळेना. म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ती लिहिण्यास सांगितले. १९८६ साली सुरू झालेल्या त्या उद्योगातूनच पुढे ‘टॅली’ जन्माला आले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. बापाच्या पेढीची अडचण मुलाने रात्री बसून सोडवावी, हे त्या काळातील उत्साहाचे नमुनेदार उदाहरण होय. इतवारी, गांधीबाग, सीताबर्डीतील कितीतरी मुलांनी छोट्या प्रमाणावर हेच केले. कोणी ताक्यांच्या साठ्याची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहिली, कोणी उधारीची यादी अकारविल्हे लावून दिली. रविवारी दुपारी यंत्राची पेटी उघडायची, स्मृतीची पट्टी काढून खोडरबराने तिचे टोक घासायचे, पुन्हा बसवायची. चालू झाले की घरभर आनंद. ‘पीसी क्वेस्ट’, ‘चिप’ आणि पुढे ‘डिजिट’ या इंग्रजी मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीची वाट दिवाळी अंकाप्रमाणे पाहिली जाई.

मग हे सारे कोठे गेले?

पहिले कारण उघड आहे. यंत्र बंद झाले. बिघडले या अर्थाने नव्हे, मिटले या अर्थाने. आजचा दूरध्वनी वा मांडीवरचा संगणक घरी उघडून दुरुस्त करता येत नाही. त्याचे भाग चिकटवलेले असतात आणि आतील व्यवस्था मालकाच्या हाती नसते. जे उघडता येत नाही त्याचा वापर होतो, छंद होत नाही. दुसरे कारण असे की, छंदाचे कर्तव्य झाले. ज्याला संगणक येतो तो घरातील विनावेतन कारागीर ठरला. साऱ्या कुटुंबाचे अर्ज त्याने भरावयाचे, भाचीच्या छपाईयंत्राची शाई त्यानेच बदलावयाची. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि शेवटच्या तारखेच्या रात्री पडद्याकडे डोळे लावून बसण्याचा एक नवाच विधी व्यापाऱ्याच्या दिनक्रमात आला. दिवसभर ज्या पडद्याने छळले, त्याच पडद्याशी रात्री खेळावे असे कोणाला वाटेल? मिठाईवाला घरी जाऊन मिठाई खात नाही, यात नवल ते काय.

तिसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. संगणकावर मन लावून केलेले काम टिकत नाही. हौसेने ज्यांनी जिओसिटीजवर आपली पाने मांडली होती, त्यांची ती पाने २००९ साली गेली. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले आणि त्यातील सारा पत्रव्यवहार इतिहासजमा झाला. ‘फ्लॅश’ शिकून ज्यांनी हलती चित्रे तयार केली, त्यांची विद्या २०२० च्या अखेरीस निरुपयोगी ठरली. फ्लॉपी आज घालावयाची कोठे? हे सारे जगभर घडले. मराठी माणसाचे मात्र आणखी एक नुकसान झाले, ते अक्षरांचे.

ते थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती इत्यादी निरनिराळ्या अक्षरसंचांत टंकित होई. त्या व्यवस्थेत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने आत इंग्रजी चिन्हेच असत. केवळ दिसावयास मराठी. तो विशिष्ट अक्षरसंच दुसऱ्या यंत्रावर नसला की सारा मजकूर अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन जाई. सी-डॅकच्या प्रयत्नांतून ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण १९९१ साली ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. परंतु छापखाने आणि हौशी मंडळी जुन्याच वाटेने चालत राहिली. परिणाम असा की, कोणी मोठ्या कष्टाने घराण्याची वंशावळ लिहिली, कोणी समाजाची परिचय-पुस्तिका केली, कोणी आजीच्या तोंडची गाणी टिपून ठेवली. आणि पंधरा-वीस वर्षांनी धारिका उघडली तर एक शब्द वाचता येईना. काही अक्षरसंचांसाठी रूपांतर करणाऱ्या सोयी उपलब्ध आहेत, त्यांतून बरेच काही परत मिळते. सर्वच मिळते असे नाही. जोडाक्षरे हमखास मोडतात. ज्याची अशी वंशावळ हरवली, त्याने पुन्हा उत्साहाने टंकन करावे ही अपेक्षा रास्त नव्हे.

कापडाच्या व्यापाऱ्याला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. नीट घडी करून ठेवलेला रेशमी शालू साठ वर्षांनी उघडला तरी त्याला चालविण्यासाठी दुसरे यंत्र लागत नाही.

संगणकाविषयीची ही अवस्था केवळ नागपूरकरांची नाही. ज्यांनी हे शास्त्र उभे केले त्यांच्यापैकी डोनाल्ड नूथ यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आज्ञावलीलेखनाच्या कलेवरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. १९६८ साली त्याचा पहिला खंड निघाला. या गृहस्थांनी १ जानेवारी १९९० पासून ई-पत्रांचा पत्ताच सोडून दिला. त्यांच्या घरी पाइप ऑर्गन हे भव्य वाद्य आहे. त्या वाद्यासाठी त्यांनी रचलेली प्रदीर्घ संगीतकृती जानेवारी २०१८ मध्ये, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वेळी, स्वीडनमधील पिटेओ येथे सादर झाली. त्यांचे मूळ काम थांबलेले नाही. मात्र यंत्राने आपला दिवस कसा व्यापावा हे त्यांनी यंत्रावर सोडले नाही.

दुसरे उदाहरण क्लिफर्ड स्टोल यांचे. हिशेबनिसांना ते विशेष आवडेल. १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. पाऊण डॉलर! दुसऱ्या कोणी खिशातून भरून टाकला असता. स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी तो फरक सोडला नाही, महिनोन्महिने माग काढला, आणि शेवटी जर्मनीत बसून अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरणारा घुसखोर उजेडात आला. या प्रकरणावरचे त्यांचे पुस्तक १९८९ साली गाजले. संगणकाच्या जगात एवढी कीर्ती मिळविलेल्या या माणसाने १९९५ साली मात्र त्या जगाच्या वल्गनांवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले. आज ते काचेच्या विचित्र बाटल्या विकतात. गणितात ‘क्लाइन बॉटल’ नावाची एक आकृती आहे, जिला आत आणि बाहेर असा भेदच नाही. तिची काचेतील प्रतिकृती. माल घराखालच्या अरुंद जागेत ठेवलेला असतो आणि खोकी काढण्यासाठी त्यांनी एक छोटासा चालता यंत्रमानव बनवला आहे. आता यातील गंमत अशी की, १९९५ साली त्यांनी ज्या संगणकीय खरेदी-विक्रीची थट्टा केली होती, त्याच मार्गाने त्यांच्या बाटल्या खपतात. भविष्य वर्तविण्यात ते चुकले, परंतु स्वतःला काय आवडते हे ओळखण्यात चुकले नाहीत.

महाराष्ट्रात अच्युत गोडबोले यांचे नाव सर्वपरिचित आहे. सोलापूरचा हा विद्यार्थी मुंबईच्या आयआयटीतून रासायनिक अभियंता झाला, सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तीन दशके राहिला, मोठमोठ्या कंपन्यांत उच्च पदांवर गेला, इंग्रजीत संगणकशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली. नंतर नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी लेखणी पूर्णवेळ मराठीला दिली. ‘किमयागार’ विज्ञानावर, ‘अर्थात’ अर्थशास्त्रावर, ‘मनात’ मानसशास्त्रावर. सुलभा पिशवीकर यांच्यासमवेत लिहिलेले ‘नादवेध’ रागसंगीतावर. संगणकावर रुसून ते निघाले असे म्हणता येणार नाही. संगणकावरही त्यांनी मराठीत लिहिले आहे. त्यांचे कुतूहल एका यंत्रापेक्षा मोठे होते, एवढेच.

मग पर्याय कोणते? याविषयी उपदेश पुष्कळ केला जातो आणि त्यातील बराचसा निरुपयोगी असतो. ‘बागकाम करा, चालावयास जा’ असे सांगितले जाते. ज्याने आज्ञावलीतील एक चूक शोधण्यात तीन रात्री घालवल्या, त्याची भूक चालण्याने भागत नाही. त्याला कोडे हवे असते. नव्या छंदात कोडे नसेल तर तो पंधरा दिवसांत सुटतो.

डॉ. अनिल अवचट यांना हे मर्म उमगले होते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे हे संस्थापक. ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम, बासरी अशा कितीतरी गोष्टींत ते रमले आणि ‘छंदांविषयी’ हे पुस्तक लिहून त्यांनी इतरांनाही रमविले. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. ओरिगामीला एक चौकोनी कागद पुरतो. कात्री नाही, डिंक नाही. घडीचा क्रम चुकला तर पक्षी होत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला यापेक्षा ओळखीचे काय असेल?

पक्ष्यांचा नाद हाही नागपुरात स्वस्त आणि समृद्ध आहे. अंबाझरी, गोरेवाडा, महाराजबाग ही स्थळे शहरातच आहेत. मारुती चितमपल्ली यांच्यासारखा वनाधिकारी या नगरीत दीर्घकाळ राहिला. नवेगावबांधच्या परिसरातील लोकांकडून त्यांनी पक्ष्यांची स्थानिक नावे टिपली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. आकाशदर्शनाची आवड असणाऱ्यांना १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे. शहराच्या उजेडात तारे कमी दिसतात हे खरे, पण शनीची कडी दुर्बिणीतून शहरातूनही दिसतात.

वस्त्रव्यवसायातील मंडळींना एक पर्याय तर अगदी दारातला आहे. संगणकाचा पूर्वज माग आहे. फ्रान्समधील लिओं शहरी जोसेफ जॅकार्ड याने १८०४ साली छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला: जेथे छिद्र तेथे सूत उचलले जाई, जेथे छिद्र नाही तेथे नाही. होय आणि नाही, एवढीच भाषा. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. सुमारे २४,००० पुठ्ठ्यांनी रेशमात विणलेले जॅकार्डचे एक चित्र त्याच्या संग्रही होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी ज्या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्या शहरातील किती संगणकप्रेमींनी माग जवळून पाहिला असेल? भंडारा जिल्ह्यात मोहाडीकडे टसरच्या करवती काठाच्या साड्या आजही हातमागावर होतात. काठाचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा राखण्यासाठी तीन धोटे चालतात आणि जेथे दोन सुते एकमेकांत अडकतात तेथे करवतीचे दाते उमटतात. ही विणकराच्या डोक्यातील आज्ञावलीच होय. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून उभे आहे. पेटीचरख्यावर सूत काढावयास शिकलेल्या माणसाला काउंट म्हणजे काय हे तोंडपाठ करावे लागत नाही: ८४० वारांची एक लडी, एका पौंडात अशा जितक्या लड्या तितका त्या सुताचा काउंट. बोटांना तो कळू लागतो. गिरणीच्या कापडात आयुष्य गेलेल्यांनाही हे ज्ञान नवे वाटते.

तथापि ज्या छंदासाठी हे व्याख्यान योजले, तो याहून निराळा आहे आणि त्याला वेळेचे बंधन आहे.

जुन्या पेढ्यांच्या घरांत माळ्यावर, कोठीत, देवघरामागच्या कपाटात लांबट वह्या असतात. बाहेर खारव्याचे लाल कापड, आत घड्या पाडलेले जाड कागद, मध्ये पांढऱ्या दोऱ्याची शिवण. पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्र शेठच्या ऋद्धीचे स्मरण. त्यापुढे रोजमेळ, खतावणी, नकल, हुंड्यांची वही. घरातील नव्या पिढीला यातील एक अक्षरही लागत नाही. कारण या वह्या बहुधा महाजनी लिपीत, काही गुजरातीत, तर मराठी मुनिमांनी लिहिलेल्या मोडीत आहेत.

मोडी ही लेखणी न उचलता लिहावयाची लिपी. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग अक्षरे तिला टांगत जावयाचे. परंपरा तिचे श्रेय यादवांचे मंत्री हेमाद्री पंडित यांना देते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिच्यात जवळजवळ नाही. महाजनी तर आणखी पुढे गेली. तिने काना-मात्राच बहुधा गाळल्या. मारवाडातून ‘काका अजमेर गया’ असे पत्र आले आणि घरच्यांनी ‘काका आज मर गया’ असे वाचून रडारड केली, ही गोष्ट व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली जाते. हसण्यामागचा मुद्दा मात्र लिपीतज्ज्ञाचा आहे: महाजनी वाचण्यास अक्षरओळख पुरत नाही, पेढी ठाऊक हवी, माल ठाऊक हवा, माणसे ठाऊक हवीत. म्हणजे हे कोडे आहे, आणि त्याची किल्ली बाहेरच्या विद्वानापेक्षा घरच्या माणसाकडे असण्याचा संभव अधिक आहे.

आकड्यांचीही तीच कथा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्यापूर्वीचा हिशेब रुपये, आणे, पै यांत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’; या शब्दांवाचून हुंडीची वही लागत नाही. साल पाहताना तर विशेष सावध राहावे लागते. विक्रम संवत २००४ ची वही कार्तिकादी असेल तर ती १९४७ च्या दिवाळीला सुरू झाली. चैत्रादी असेल तर त्याच वर्षीच्या चैत्रात. सात महिन्यांचा हा फरक लहान नव्हे. एका गणनेत स्वातंत्र्याचा दिवस त्या वहीत सापडेल, दुसऱ्या गणनेत मागील वहीत शोधावा लागेल.

या वह्यांत काय असते? धोतरजोडीचा भाव असतो, हमालाची मजुरी असते, कोणत्या गावी उधारी बुडाली ते असते. आणि धर्मादाय खाते असते. प्रत्येक सौद्यामागे काही अंश बाजूला काढण्याची रीत पुष्कळ पेढ्यांत होती. ती रक्कम पांजरापोळ, पाणपोई, धर्मशाळा, पाठशाळा यांना गेल्याच्या नोंदी तेथे आहेत. संस्थांच्या इतिवृत्तांत मोठ्या देणग्यांची नावे येतात. आठ आणे, बारा आणे देणारे कोण होते हे केवळ याच वह्या सांगू शकतात. पन्नास वर्षांचा इतिहास लिहिण्यास बसणाऱ्या कोणत्याही ट्रस्टला हा पुरावा हवाच आहे.

येथे संगणकप्रेमींसाठी एक वार्ता आहे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आणि महाजनी या दोन्ही लिपींना स्थान मिळाले. त्यासाठीचे प्रस्ताव अंशुमन पांडे या अभ्यासकाने तपशीलवार तयार केले होते. याचा अर्थ असा की, आज या लिपींत टंकित केलेला मजकूर श्री-लिपीतील वंशावळीप्रमाणे उद्या रांगोळी होणार नाही. ज्यांच्या हाताला टंकनाची सवय आहे, ज्यांना तक्ते मांडण्याची आवड होती, त्यांच्यासाठी हे काम जणू राखून ठेवलेले आहे. यंत्र येथे पुन्हा हाती येते, पण मुनिमाच्या जागी. मालक म्हणून नव्हे. मोडीचे प्रशिक्षण राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे दिले गेले आहे आणि त्या खात्याचे कार्यालय नागपुरातही आहे. महाजनीचे वर्ग मात्र सहसा आढळत नाहीत. तेथे घरातील वृद्ध हेच विद्यापीठ.

कामाची रीत साधी आहे. वही खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात मांडावी, झगमगाटी दिवा टाळावा, प्रत्येक पानाचे छायाचित्र सरळ वरून घ्यावे, पानक्रमांकाची चिठ्ठी शेजारी ठेवावी. फाटल्या कडेला चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून खातो. प्लास्टिकच्या पिशवीत वही घुसमटते. तिला धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात बांधावे. पेशवे दफ्तराचे कागद ज्या ‘रुमालां’त बांधले जात ते यासाठीच. आणि बसावे दोघांनी: एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. वाचणारा बहुधा ऐंशीच्या पुढचा असतो. त्याला तासाभरापेक्षा अधिक बसवत नाही, मोतीबिंदूमुळे बारीक पै दिसत नाहीत, परंतु एखादे नाव आले की त्या माणसाची तीन पिढ्यांची कथा तो सांगू लागतो. ती कथा वहीत नसते. तीही त्याच वेळी टिपून घ्यावी लागते.

आयकराच्या दृष्टीने या वह्यांची गरज केव्हाच संपली आहे, म्हणून त्या अडगळ ठरतात. रद्दीत त्यांचा भाव वर्तमानपत्रापेक्षा कमीच येतो, कारण लाल पुठ्ठ्याचे वजन कापून घेतले जाते. नवरात्र संपले की घराघरांत दिवाळीची आवराआवर सुरू होते, आणि रद्दीवाल्याची हातगाडीही नेमकी त्याच दिवसांत गल्लोगल्ली फिरते.